झऱ्यावरची शेळी

मी कोंबडी आहे. हे मी माझ्या तोंडाने म्हणत नाही, सगळं इंग्लंड म्हणतं. उन्हाळा लागला की आमच्या ऑल्डरवेल गावात बाहेरगावच्या गाड्या येतात, त्यातून आईबाप आणि पोरं उतरतात, आणि टपाल कचेरीतली बाई त्यांना सरळ माझ्या दाराकडे बोट दाखवते. "त्या बघा, त्याच खऱ्या मिसेस पर्किट." मग ती पोरं कुंपणाला नाक लावून उभी राहतात, मी आता पंख फडफडवते की काय म्हणून. एकदा एका गृहस्थाने मला विचारलं, "बाई, तुमचा एक फोटो काढू का?" मी म्हटलं, "काढा की. पण अंडं मागू नका, आज जमलेलं नाही." तो माणूस पोट धरून हसला. पुढच्या वर्षी बघते तर काय, हेच वाक्य पुस्तकात, मिसेस पर्किटच्या तोंडी!

हा सगळा एव्हिसचा उद्योग. एव्हिस ग्रॅटन, मुलांची पुस्तकं लिहिणारी. तिचे वडील आमचे मास्तर होते आणि शाळेत आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. मोठेपणी मी जॅक बॅगशॉशी लग्न केलं, तो चुनखडीच्या खाणीत कामाला होता. तिने लग्न केलं नाही, पुस्तकं लिहिली. जॅक गेला, माझी मुलं कामधंद्याला लांब गेली, आणि समोरासमोरच्या दोन घरांत आम्ही दोघी उरलो. गल्ली इतकी अरुंद की तिच्या चुलीवरची किटली शिट्टी मारायला लागली की मी माझे कप काढायचे.

तिच्या पुस्तकांत एक शेताचं अंगण आहे. तिथे मिसेस पर्किट नावाची कोंबडी सगळ्यांवर हुकूम सोडत फिरते, आणि ऑलिव्ह नावाची म्हातारी शेळी कागद चघळत सगळं ऐकून घेते आणि शेवटी एकच वाक्य बोलते. त्या एका वाक्याने सगळा घोळ निस्तरतो. ऑलिव्ह म्हणजे ती स्वतः, हे आंधळ्यालाही दिसेल. पण तिच्या कुंपणापाशी येऊन कुणी बें बें करत नाही, कारण वर्तमानपत्रवाल्यांनी विचारलं की ती म्हणायची, "शेळी होय? शेळी मी मनाने केली." लबाड कुठली.

तिची लिहायची रीत अशी. गुरुवारी माझी इस्त्री असायची. ती नवं प्रकरण घेऊन माझ्या स्वयंपाकघरात यायची, चुलीजवळची खुर्ची पकडायची आणि मोठ्याने वाचायची. मी शर्ट, चादरी, उशांचे अभ्रे उरकत ऐकायची. मी भांडले, "असं कुठे असतं का," म्हणाले, की तिला बरं वाटायचं. हसले तर फारच उत्तम. पण मी जर "बरं आहे" असं म्हटलं, तर ती एक अक्षर न बोलता ते कागद चुलीत घालायची. मला बाई आधी कळायचंच नाही. "अगं, बरं आहे म्हणाले ना मी!" तर म्हणायची, "म्हणूनच." थिर्झाने, म्हणजे मी, ऐकल्याशिवाय एक पान लंडनला जाणार नाही, हा तिचा नेम होता आणि तो तिने कधी मोडला नाही.

त्या वसंतात ती शेफील्डच्या इस्पितळात जाऊन आली ती तशीच माझ्याकडे आली. डोक्यावरची टोपीसुद्धा काढली नाही.

"थिर्झा, पानगळीपर्यंत म्हणतायत."

"काय पानगळीपर्यंत?"

"मी."

मी म्हटलं, "कोण म्हणतं असं? डॉक्टर का? शेफील्डच्या लोकांना काय कळतंय! त्यांना आपल्याकडची मेंढी आणि ढग यातला फरक कळत नाही." आणि मी कपबशा काढायला लागले, तर दोघींना पुरे असताना सगळ्याच काढून ठेवल्या.

"एक पुस्तक होईल तेवढ्यात," ती म्हणाली. "त्यात ऑलिव्ह मरते."

मी दुधाचं भांडं खाली ठेवलं. "हे बघ एव्हिस, चहा पितेस की घरी जातेस?"

ती चहा प्यायली. पुस्तकही लिहायला बसली. गुरुवारामागून गुरुवार येत राहिली आणि मी ऐकत राहिले. त्यात ऑलिव्हला आधी टेकडी चढवेना, मग तिला कुंपणापर्यंत जाणंही जड व्हायला लागलं, आणि मिसेस पर्किट तिच्या नावाने ओरडत फिरत होती की आळशीपणा करतेस, आळशीपणा. मी हसलेसुद्धा. खरंच सांगते, तिने इतकं चांगलं आधी कधी लिहिलं नव्हतं. मग फक्त शेवटचं प्रकरण राहिलं. त्या गुरुवारी ती कागद घेऊन आली तेव्हा मी इस्त्री कपाटात ठेवून दिली होती.

"आज इस्त्री नाही," मी म्हटलं.

"मग नुसतं ऐक."

"नुसतं मला ऐकता येत नाही."

पुढच्या गुरुवारीही इस्त्री नव्हती. त्याच्या पुढच्याही नाही. रविवारी चर्चमध्ये मी चुरगळलेला झगा घालून गेले, मी, जिच्या कडक कॉलरवरून गावात विनोद व्हायचे! माझ्या डोक्यात एक खूळ बसलं होतं की मी ते ऐकलं नाही तर ते होणारच नाही. हसा खुशाल. तुमच्या घरावर अशी वेळ आली की मग बघू तुम्ही किती शहाणपणाने वागता ते.

मे महिन्यात लंडनहून पुस्तकवाल्यांची मिस लेथब्रिज आली. पोरगी वाईट नव्हती, पण उंच टाचांचे बूट घालून आमच्या चढावर आली, म्हणजे बघा. एव्हिसने मला केक घेऊन बोलावलं. मिस लेथब्रिजने तोंड पुसलं, घसा साफ केला आणि म्हणाली, "मिस ग्रॅटन, आम्हाला तुमचं पत्र मिळालं. पण शेळी मरते हे... आमची सगळ्यात लहान वाचक मंडळी, ती फार रडतील हो."

"रडू देत की," एव्हिस म्हणाली. "पोरं रडतात. पडली की रडतात, दात आला की रडतात. आजी गेली की मात्र सगळे त्यांना सांगतात की आजी फिरायला गेलीय. म्हणजे त्यांनी रडायचं कुणापाशी?"

"पण असं केलं तर? ऑलिव्ह समुद्रकिनारी राहायला गेली. बहिणीकडे."

मी म्हटलं, "बरोबर बोलतायत मिस लेथब्रिज."

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. लंडनच्या माणसाचं काही बरोबर आहे असं मी उभ्या जन्मात कधी म्हटलं नव्हतं.

"ऑलिव्हला बहीण नाही," एव्हिस म्हणाली.

"मग होऊ दे की! लेखिका आहेस ना? एक बहीण लिही. चांगली धडधाकट, घरदार असलेली लिही."

एव्हिस हसायला लागली आणि हसता हसता तिला खोकला आला. तो थांबेना, मी तिची पाठ चोळत बसले. खोकला ओसरल्यावर तिने मिस लेथब्रिजला सांगितलं, "तुम्ही उगाच माझ्याशी बोलताय. प्रकरण लिहून तयार आहे. या बाईने ऐकलं की ते तुमच्याकडे येईल. नाही ऐकलं तर पुस्तक अर्धवट राहील आणि मीही तशीच जाईन. आता तिचं काय ते तिलाच विचारा."

फाटकापाशी मिस लेथब्रिजने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "मिसेस बॅगशॉ, तुम्ही ते ऐकूच नका." मला त्या पोरीचा राग यायला हवा होता. उलट मला तिला कवटाळावंसं वाटलं.

जून आला तसं मला पळायला निमित्त मिळालं. जूनमध्ये आमचा झरा सजवतात. हे आमच्याकडे कितीतरी पिढ्या चाललंय. चांगली दाराएवढी लाकडी फळी तळ्यात भिजत घालायची, मीठ घालून तुडवलेली ओली माती तिच्यावर थापायची आणि त्या मातीत फुलांच्या पाकळ्या टोचून चित्र काढायचं. रंगाचा थेंब नाही, कागदाची चिंधी नाही. जे उगवतं तेच वापरायचं. मग ती फळी झऱ्यापाशी उभी करायची, पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हणायची, बँड वाजायचा. पाण्याचे आभार मानायचे, बस. एरवी चित्रात नोहाची नौका असते, नाहीतर मेंढपाळ. त्या वर्षी गावाने ठरवलं की मिसेस पर्किट आणि ऑलिव्ह काढायच्या. पाद्रीबाबा थोडे कुरकुरले, पण शेवटी म्हणाले की शेळ्या बायबलातही आहेत.

झऱ्याच्या चित्रावर माझा हुकूम चालतो. माझ्या आईचा चालायचा, आता माझा चालतो. माती मी स्वतः बूट घालून तुडवली. बाह्यरेषेला काळ्या घेवड्याचे दाणे लावले, मागे शेवाळ भरलं. कोंबडीला झेंडूच्या पाकळ्या आणि तुऱ्याला लाल जिरेनियम. लाल फारच लाल झालंय असं बायका म्हणाल्या. मी म्हटलं, "माझा तुरा आहे, मी बघून घेईन."

दुपारच्या चहाला बाकीच्या बायका घरी गेल्या होत्या तेव्हा आम्ही फळी मांडली होती त्या धान्यकोठीत एव्हिस आली. काठी टेकत, भिंतीला हात लावत. "ऑलिव्ह मी लावते," म्हणाली. मी तिला स्टूल दिलं आणि हायड्रेंजियाच्या पांढऱ्या पाकळ्यांची परात पुढे सरकवली. म्हटलं, चला, पाकळ्या लावताना तरी प्रकरणाचं नाव काढणार नाही. मी माझ्या शेवाळाकडे वळले. थोड्या वेळाने बघते तर काय!

"एव्हिस, अगं, तू वरून लावतेस!"

"हो का?"

"हो का काय? शिंगांपासून सुरू केलंयस!" आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पाकळ्या खालून वर लावत जायच्या. कौलं घालतात तशा, वरचीने खालचीला झाकायचं, म्हणजे पाऊस वरून ओघळून जातो. वरून खाली लावल्या की पाणी प्रत्येक पाकळीच्या आत शिरतं आणि पहिल्याच सरीत चित्र गळून पडतं. "ही शेळी पावसात टिकायची नाही!"

"नाहीच टिकणार," ती म्हणाली आणि पुढची पाकळी लावली.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "मुद्दाम करतेस?"

"पोरं काय म्हणतात ते बघायचंय मला. कोंबडी उभी आहे आणि शेजारी नुसती माती. लंडनवाले म्हणतात पोरांना झेपणार नाही. मला स्वतःच्या कानांनी ऐकू दे." मग पुढची पाकळी उचलत म्हणाली, "आणि तुलाही सवय होईल."

सवय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाशी आलेलं सगळं बोलणारच होते, पण तेवढ्यात माझी शेजारीण ट्विगबाई किटली घेऊन आत आली आणि मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी गावाला जाग यायच्या आत मी कोठीत गेले. सुरीच्या टोकाने ऑलिव्हची पाकळी न पाकळी काढली, माती ओली करून सारखी केली आणि खुरांपासून सुरुवात केली. खुरं, पाय, पोट, मान, दाढी. इतकी घट्ट, इतकी नीट शेळी मी जन्मात लावली नव्हती. आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

शनिवारी फळी उभी राहिली, प्रार्थना झाली, बँड वाजला, आणि आमच्याकडे शनिवारी जे होतं तेच झालं, पाऊस आला. लोक चर्चच्या कमानीखाली पळाले. एव्हिस मात्र छत्री घेऊन झऱ्यासमोर खुर्चीत बसून राहिली. भोवती पाच-सहा पोरं. ती शेळीकडे टक लावून बघतेय आणि मी तिच्याकडे. चांगली भरघोस सर होती, गटारं वाहायला लागली. मग उघडलं. ऑलिव्ह जागच्या जागी, अंघोळ घातल्यासारखी चकचकीत. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

एव्हिस उठली, फळीजवळ गेली आणि शेळीच्या मानेवर बोट टेकवलं. पाकळी कुठे कुणावर बसलीय हे तिला बघावंही लागलं नाही.

"थिर्झा."

"काय?"

"ही तुझी शेळी आहे."

"झऱ्यावर माझा हुकूम चालतो," मी म्हटलं.

मला वाटलं हसेल. नाही हसली. "माझ्याकडे वेळ थोडा उरलाय," ती म्हणाली, "आणि तू तो पाकळ्या चिकटवण्यात घालवतेस." एवढं म्हणून ती काठी टेकत घरी गेली. मी तिथेच उभी. कुणीतरी माझ्या हातात केकचा तुकडा दिला, तो मी केव्हा खाल्ला आठवत नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी ती आली नाही. मी इस्त्री बाहेर काढून ठेवली होती, तापवलीसुद्धा होती. समोरच्या घरात किटलीची शिट्टी वाजली, मी खिडकीतून बघितलं. तिने पडदा ओढला.

आता आमच्याकडे रीत अशी की आठवडाभराने फळी खाली उतरवायची आणि माती खरवडून टाकायची. चित्र ठेवायचं नसतं. यात माझ्याइतकं कडक गावात कुणी नव्हतं. एका वर्षी कुठलीशी पाहुणी बाई रडकुंडीला आली, "इतकं सुंदर आहे हो, राहू द्या ना," तर मी तिच्यादेखत मेंढपाळाच्या तोंडावरून खरवडणी फिरवली होती. आणि या वर्षी मीच म्हटलं, "असू दे. अजून लोक बघायला येतायत."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. आणखी काही दिवस गेले. ऊन कडक पडलं, माती तडकली. झेंडू काळे पडले, पांढऱ्या पाकळ्या आधी पिवळ्या आणि मग तपकिरी झाल्या, मग त्यांना बुरशी धरली. पाद्रीबाबा हळू आवाजात म्हणाले, "मिसेस बॅगशॉ, आता मला वाटतं..." मी म्हटलं, "तुम्ही प्रवचनाचं बघा." ट्विगबाई म्हणाली, "अगं, माशा घोंगावतायत, पाणी भरताना नाक धरावं लागतं." तिला तर मी असं काही बोलले की तिने माझ्याशी अबोला धरला. तरी पुरुषांनी मला न विचारता फळी उचलली आणि कोठीच्या मागे नेऊन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली. खरवडायची हिंमत मात्र कुणाची झाली नाही.

मी रोज दुपारी तिथे जाऊन उभी राहायची. अशीच उभी असताना गल्लीतून काठीचा आवाज आला. एव्हिस येत होती, वाटेत प्रत्येक भिंतीवर टेकत. काखेत कागद होते. थोड्याच दिवसांत तिचं अंग पार अर्धं झालं होतं.

"वास येतोय," ती म्हणाली.

"कशाचा?"

"ऑलिव्हचा."

ती कोठीच्या भिंतीला धरून उपड्या बादलीवर बसली, श्वास जमवला.

"खरवडणी कुठाय तुझी?"

"आत आहे."

"आण. तू खरवड, मी वाचते. इस्त्री नाही तर हे. तुझ्या हातांना काहीतरी लागतंच."

मी खरवडणी आणली. बाहेरून सुरुवात केली, शेवाळ, आकाश, कुंपण. मग कोंबडी. तुऱ्यावरून खरवडणी फिरवताना काही वाटलं नाही, माझाच होता. आणि ती वाचत होती. तिचा आवाज बारीक झाला होता पण स्पष्ट होता. ऑलिव्ह सफरचंदाच्या झाडाखाली गवतावर पडली आहे. कागदाचा एक तुकडा पुढे आहे, पण तिला चघळावासा वाटत नाही. ती झोपते, आणि उठत नाही. मग रात्र होते. मिसेस पर्किट झाडाखाली येऊन उभी राहते. चंद्र उगवलेला आहे. तिच्या डोळ्यांतून एकेक अश्रू गवतावर पडतो, आणि ती काही बोलत नाही.

वाचन संपलं. मी हात पुसले.

"बरं आहे," मी म्हटलं.

एव्हिसने झटकन वर बघितलं. इतके दिवस विझलेले डोळे एकदम चमकले तिचे. "बरं आहे? काय चुकलं? सांग, काय चुकलं?"

"चुकलं काय विचारतेस? अगं, ही मिसेस पर्किट आहे का? मुकाट्याने रडतेय! चंद्राखाली! इतक्या पुस्तकांत तिने कधी तोंड मिटलंय का, ते आत्ताच मिटेल?"

"मग काय करेल?"

"ओरडेल! काय करेल म्हणजे! त्या झाडाखाली जाऊन अख्खं अंगण गोळा होईल इतकी ओरडेल. म्हणेल, ऊठ, आळशी! म्हणेल, तुला कुणी सांगितलं होतं आधी जायला? मला विचारलंस? एक शब्द तरी विचारलास? रोज माझ्याकडे येऊन बसायचीस, माझं बोलणं घेऊन जायचीस, आता मी बोलू कुणाशी? त्या बदकांशी? त्यांना दोन शब्द धड कळत नाहीत! मी म्हणे बोलत राहायचं आणि तू आपली खुशाल..."

खरवडणी हातातून पडली. मी फळीच्या कडेला धरून उभी राहिले आणि रडले, चांगली मोठ्याने, गावाने ऐकलं असेल. एव्हिस उठली नाही, तिला उठवतही नव्हतं. तिने मांडीवर कागद उलटा केला होता आणि पेन्सिलीने भराभर लिहून घेत होती.

"लिहितेयस?" मी ओरडले. "मी इथे मरतेय आणि तू लिहितेयस?"

"मरतेय मी," ती म्हणाली. "तू नाहीस. हळू बोल जरा, बदकांपर्यंत आलेय."

मला हसू आलं. काय करू, आलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी आणि वर हसू. ती लिहून होईपर्यंत मी थांबले.

"ओरडून झाल्यावर?" तिने विचारलं.

"ओरडून झाल्यावर काय?"

"मग ती काय करते?"

"मग काय करणार? घरी जाते."

"एकटीच?"

"एकटीच. दुसरं आहे कोण?"

पेन्सिल कागदावर थांबली. तिने माझ्याकडे बघितलं नाही, कागदाकडेच बघत राहिली.

"आणि जेवते का?"

मी एप्रनच्या टोकाने नाक पुसलं.

"थिर्झा, मला सांग. घरी गेल्यावर ती जेवते का? ते कळल्याशिवाय मला पुस्तक संपवता येत नाही. किती महिने अडून बसलेय मी त्यापाशी. चंद्र आणि अश्रू काय, ते मी रेटून लिहिलं होतं. मला एवढंच ठाऊक नाही."

तेव्हा मला कळलं की ती ते प्रकरण घेऊन माझ्या दाराशी का येत होती. मला ऐकवायला नाही. विचारायला. आणि मी कपाटात इस्त्री दडवून बसले होते.

"जेवते," मी म्हटलं.

"खरंच?"

"जेवते गं बाई, जेवते. पोटभर नसेल, पण जेवते. दुसऱ्या दिवशीही जेवते."

तिने ते लिहिलं. मग पेन्सिल खिशात ठेवली, पाठ भिंतीला टेकवली आणि डोळे मिटून घेतले. "झालं पुस्तक," ती म्हणाली. मी खरवडणी उचलली आणि शेळीची माती काढायला घेतली. खुरांपासून काढली, मग पोट, मान, दाढी. फळी पुरी साफ झाली, धुऊन उन्हात ठेवली. मग एव्हिसला धरून घरी नेलं.

पुस्तक लंडनला गेलं, आणि मिस लेथब्रिजने एक शब्दही न बदलता ते छापायला घेतलं. पण एव्हिसच्या हातात ते आलं नाही. ती सप्टेंबरात गेली, झाडांवर पानं होती तोवरच. मी तिच्या उशाशी होते. सगळं आवरून, डॉक्टर आणि पाद्रीबाबा गेल्यावर मी गल्ली ओलांडून माझ्या घरी आले, दार लावलं आणि तिच्या नावाने मनसोक्त ओरडले. ट्विगबाईने भिंतीपलीकडून ऐकलं असणार, पण ती आली नाही, शहाणी आहे. मग बटाटे उकडले, आदल्या दिवशीचं मटण गरम केलं, ताट वाढून घेतलं आणि टेबलाशी बसले. घास घशाखाली उतरत नव्हता. पण जेवले.